पाणी गेलं असंल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी चहात साखर जास्त पडली तरी सांगतो.

आमच्या खानदानात मी कम्प्युटरचा माणूस. म्हणजे काय, तर नवीन जालन्यात एका बियाण्याच्या दुकानात बिलं काढतो आणि प्रिंटर अडकला की त्याला थापटी मारतो. एवढ्यावर माझं नाव केदारखेड्यापर्यंत. नाव झालं की ते सांभाळावं लागतं — तिथंच घात झाला.

केदारखेड्याला थोरल्या दादाचं घर. दादा गेल्यावर वहिनी रोज त्याच्या कम्प्युटरसमोर बसायच्या. त्यात त्याचे व्हिडिओ — शेतातले, लग्नातले, कुणावर तरी ओरडतानाचे. दुसरीकडे कुठंच नव्हते. जागा संपत आली म्हणून पुतण्यानं मला बोलावलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी ऐटीत नवी हार्ड डिस्क बसवली, झाकण लावलं आणि चालू करून न बघताच जेवायला बसलो.

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते. पाण्याची मोटार, शिलाई मशीन, कम्प्युटर — सगळ्यांची. त्या वर्षी मान नव्या सुनेचा, पुतण्याच्या बायकोचा — मनीषाचा. लग्नानंतरचा तिचा पहिला दसरा. तिनं कम्प्युटरला हळद-कुंकू लावलं, फुलानं पाणी शिंपडलं. वहिनींनी बटण दाबलं. पडदा काळा. वर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ.

"भावजी, काय झालं हो? ह्यांचा आवाज गेला का त्यातला?"

मी ती ओळ वाचली. कळलीही — आता खोटं कशाला बोलू? कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचं, हे मशीनला ठरवून द्यावं लागतं. मी ते केलंच नव्हतं. मशीन माझ्या नव्या, कोऱ्या डिस्कवर जाऊन अडलं होतं. जुनी तिच्या शेजारीच होती, ठणठणीत. एक कळ दाबायची, यादीतून जुनी निवडायची — झालं असतं. पण मग चूक कुणाची? पाहुणे बसलेले. माझी नजर झाकणावरच्या ओल्या हळदीवर गेली आणि तोंडातून निघालं —

"पाणी गेलं असंल."

मनीषाच्या हातात अजून तबक होतं.

मशीन जालन्याला आणलं. घरी पोचताच जुनी डिस्क निवडली. दादा पडद्यावर आला, हसला. मग ते आठवडाभर पलंगाखाली ठेवलं — मेहनत दिसायला नको का? परत नेलं तेव्हा वहिनी रडल्या. मला शर्टाचं कापड दिलं. मी घेतलं. रंगही पसंत पडला.

वाटलं, मिटलं. खरंच वाटलं — की वाटून घेतलं?

पुढं विहिरीवरची मोटार जळाली. "हिनंच कुंकू लावल्तं," वहिनी म्हणाल्या. मग म्हैस आटली. मग पुतण्या मोटरसायकलवरून पडला. दर वेळी सगळ्यांचे डोळे मनीषाकडं. वहिनी दुष्ट नाहीत हो. जाणत्या माणसानं सांगितलं ते त्यांनी खरं धरलं. जाणता माणूस म्हणजे मी — दर सणाला तिथं हजर, आमटी पुन्हा मागणारा. मनीषाच्या मुलीच्या बारशाला ती पाळण्याला कुंकू लावायला उठली, तर वहिनी हळूच म्हणाल्या, "तू ऱ्हाऊ दे." स्वतःच्या लेकराचा पाळणा. ती बसली. मी घुगऱ्या खात राहिलो. तेव्हा तरी बोलायला काय झालं होतं मला?

परवा पुतण्यानं नवा ट्रॅक्टर आणला. वहिनी आता थकल्यात. खाटेवरून म्हणाल्या, "मनीषा, कर गं पूजा तूच. झालं गेलं जाऊ दे."

"न्हाई आत्याबाई. माझा हात नको."

तेवढ्यात तिची लेक कुंकवात बोट बुडवून ट्रॅक्टरकडं पळाली. मनीषानं तिचं मनगट धरलं, इतकं घट्ट की पोरगी कळवळली. पदरानं तिचं बोट पुसलं, पुन्हा पुसलं. मग तबक माझ्यापुढं केलं.

"काका, तुम्ही लावा. तुमच्या हाताला यश हाये."

मी लावलं.