प्रेसवरचं कुंकू

चिनू, मीरा... तुमची आजी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. कॉलेजात लॉजिक शिकलेली बाई आहे मी. आजही माझं मत तेच आहे. तरी हे लिहितेय, कारण माझ्या अल्बममध्ये दोन फोटो आहेत आणि त्यांचा मेळ मला अजून लावता आलेला नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. आम्ही बदलापूरला मांजर्लीत राहायचो. तुमचे आजोबा अंबरनाथच्या एका कारखान्यात मॅनेजर होते. कारखाना बंद पडला, आणि त्यांचं बोलणंही. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून गॅलरीत बसायचे, जेवायला हाक मारली की उठायचे, दोन घास खाऊन पुन्हा तिथेच. डॉक्टर म्हणाले, टॉनिक द्या. हा माणूस हळूहळू आपल्या हातून निसटतोय, हे मला दिसत होतं.

मला तेव्हा गंजाचे फोटो काढायचा नाद होता. लेन्सवर क्लोज-अपची काच लावून अगदी जवळ गेलं, की साध्या कडी-कोयंड्यावरचा गंज म्हणजे संध्याकाळचं आभाळ... कधी वाळवंट. सासूबाई म्हणायच्या, "लोकांच्या सुना फुलांचे फोटो काढतात. आमच्या सूनबाईंना भंगार आवडतं."

मे महिन्यात वॉचमनला विचारून मी त्या बंद कारखान्यात गेले. पत्रा दाबून कापणारी मोठी पॉवर प्रेस तिथेच होती, वरपासून खालपर्यंत गंजलेली. याच प्रेसने तरुणपणी आजोबांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर नेलं होतं. तरी दर खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेच्या दिवशी, पहिलं कुंकू ते तिलाच लावायचे. ओल्या कुंकवात चार बोटं बुडवून खाली ओढायची. मधल्या बोटाची रेघ आखूड यायची. मी गेले तेव्हा तिच्यावर गंजाशिवाय काहीही नव्हतं. डोळा कॅमेऱ्याला लावून वीतभर अंतरावरून बघत होते मी!

रोल उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या स्टुडिओत दिला. पाकीट देताना स्टुडिओवाले सिंधी काका म्हणाले, "भाभी, इतनी जंग के बीच ये पूजावाला एक ही बढिया आया है."

फोटोत प्रेस होती, गंज होता, आणि गंजावर ओलं कुंकू. चार रेघा, एक आखूड. खाली ओघळलेला थेंब, त्याला चिकटलेली झेंडूची पाकळी. निगेटिव्ह उजेडात धरली. मीच काढलेल्या गंजाच्या दोन फोटोंच्या मधे ही फ्रेम होती.

घरी आल्यावर फोटो आजोबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं. मग स्वतःचा हात उलटसुलट करून बघितला.

"अगं, ती वाट बघतेय माझी," ते म्हणाले.

कित्येक महिन्यांनी त्यांच्या तोंडून अख्खं वाक्य ऐकलं मी. त्या दिवशी त्यांनी भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

खंडेनवमीला आम्ही दोघं गेलो. पावसाळाभर छप्पर गळून गंज आणखी चढला होता. त्यांनी बोटं बुडवली, ओढली, हार घातला. हारातली एक पाकळी गळून कुंकवाला चिकटली. मी एकच फोटो काढला.

पुढे आजोबा एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम शिकवायला जाऊ लागले, ते अगदी शेवटपर्यंत. पण त्या खंडेनवमीचा प्रिंट आला, तेव्हा तो जुन्याशेजारी ठेवून मी भिंग लावलं. तोच थेंब. तीच पाकळी, तिची तीच दुमड. गंजाचा पापुद्रासुद्धा तोच — जो मे महिन्यात तिथे धरलेलाच नव्हता.

फिल्म दोनदा एक्स्पोज झाली असेल, स्टुडिओत अदलाबदल झाली असेल... सगळं पडताळून पाहिलं. पण जी पूजा अजून झालीच नव्हती, तिच्या फोटोची अदलाबदल होणार कशी?

दोन्ही फोटो शेजारी-शेजारी लावलेत. पाठीमागे महिना लिहिलाय, नाहीतर मलाही ओळखता येत नाहीत. याल तेव्हा मागे न बघता सांगा, आधीचा कोणता.