चाचांचे निळे छाप

चूक माझीच होती. नीळ आणि डिंकाचा वास आला की ती अजून आठवते. नव्वदीच्या दशकात लखनौत माझा चिकन भरतकामाच्या कुर्त्यांचा छोटा धंदा होता. एका हिवाळ्यात विक्री थंडावली, तेव्हा पगार वाचवायची युक्ती सुचून मी आनंदाने उडालोच: कापडावर निळी नक्षी छापणाऱ्या म्हाताऱ्या चाचांना होळीपर्यंत घरी बसवायचं! आठवड्यातच भरतकाम करणाऱ्या बायका काम न्यायला आल्या, तर छापलेलं कापडच नव्हतं; टाके घालायचे ते त्या निळ्या रेघांवरूनच. "भैया, अब क्या हवा पर कढ़ाई करें?" एकजण फणकारली. वीस घरांची रोजी अडली होती. मी तसाच सायकल दामटत चाचांच्या दारात पोचलो आणि धापा टाकत हात जोडले, "चाचा, आपका काम मैं समझा ही नहीं था. माफ कर दीजिए."