कच्च्या वहीचे सर

उत्तर बरोबर आलं म्हणून आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना आनंद झालेला मी कधी पाहिला नाही. चुकलं की ते खुलायचे, स्टूल ओढून शेजारी बसायचे आणि म्हणायचे, "कुठं घसरलास ते बघू या." बरोबर आलं की नुसता चष्मा पुसत राहायचे. नगरला कॉलेज नुकतंच निघालं होतं. गणितात पैकीच्या पैकी मिळवून तिथं दाखल झालेला मी स्वतःला फार शहाणा समजत होतो, त्यामुळे हा माणूस मला विक्षिप्त वाटे.

प्रयोगातली प्रत्येक नोंद कच्च्या वहीत शाईनंच करायची, असा त्यांचा दंडक होता. चुकलेला आकडा खोडायचा नाही. त्यावर एक रेघ मारायची, आणि खालचा वाचता आला पाहिजे. पक्की वही ते चाळल्यासारखी करायचे. कच्ची मात्र घरून आलेलं पत्र वाचावं तशी वाचायचे. मुलं मागून त्यांना 'कच्ची वही' म्हणत, आणि ते त्यांना ठाऊक होतं.

गणिताचे प्राध्यापक त्यांची थट्टा करायचे, की तुमचं शास्त्र म्हणजे आमच्या गणिताला घातलेला सदरा. सर शांतपणे सांगायचे, "गणित म्हणजे जातं आहे हो. घालाल ते इमानानं दळून देतं. खडे घातले तरी पीठ बारीकच पडतं." मी अर्थातच गणिताच्या बाजूचा.

प्रयोगशाळेच्या कपाटात एका बाटलीत फूटभर लांबीची, जाड पांढरी दोरी होती. एकदा लंबक टांगायला मी तीच काढली. सर टेबलापलीकडून आले, माझ्या हातातून दोरी घेतली आणि पुन्हा बाटलीत घातली. ते रागावले असते तर बरं, असं वाटण्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

लंबकाच्या त्याच प्रयोगात मी लबाडी केली. आंदोलनं मोजत बसण्याचा कंटाळा आला होता. गुरुत्वाकर्षणाचं उत्तर नऊशे एक्क्याऐंशी यायला हवं, हे पुस्तकात होतंच. मी तिथून उलटं गणित केलं आणि वेळेचे आकडे बसवून टाकले, तेही शाईनं.

सरांनी वही बराच वेळ पाहिली.

"अगदी तेवढंच?"

"हो, सर."

"आपलं घड्याळ मंद चालतं," ते हळू म्हणाले. "खरं मोजणाऱ्याचं उत्तर हजाराच्या पुढं जातं. वर्गात तुझं एकट्याचं बरोबर आलंय, म्हणजे तू एकट्यानंच मोजलेलं नाही." त्यांनी वही परत दिली. "पुस्तकातला आकडा उचलू नकोस रे. तो तुझा नसतो."

त्यांनी सही केली नाही, आणि सहीशिवाय परीक्षेला बसता येत नव्हतं. आठवडाभर मी लंबक हलवत राहिलो. रविवारी नवी वही घेऊन केडगावला त्यांच्या घरी गेलो. सर बाहेर गेले होते. त्यांची विधवा वहिनी दारात जोंधळे पाखडत होती. सरांनी लग्न केलं नव्हतं. घरात ही दोघंच. सही राहिल्याचं मी सांगितलं, तेव्हा सूप खाली ठेवून ती म्हणाली, "आकड्याचं लई मनाला लावून घेत्यात भावजी. आमच्या हिरीला सुरुंग लावायचा हुता. वात किती लांब ठिवायची, ते भावजींनीच हिशेब करून सांगितलं. वर यायला टाइम हाय म्हनले. माझ्या मालकानं भावाच्या सबुदावर वात पेटवली." तिनं सूप पुन्हा उचललं. "न्हवता टाइम."

वात जळण्याचा वेग सरांनी पुस्तकातला घेतला होता, हेही तिनंच सांगितलं. फूटभर कापून, पेटवून, घड्याळ लावून बघायचं, एवढंच राहून गेलं. बाटलीतली दोरी कसली, ते मला तेव्हा कळलं.

सही मिळाली. पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला निघालो, त्या दिवशी सरांनी ती बाटली माझ्या हातात ठेवली. "तू मोज," ते म्हणाले. "माझा हात धजत नाही. हिशेब चुकला नव्हता रे, पुन्हा पुन्हा करून पाहिलाय."

पुण्यात एका दुपारी गच्चीवर मी ती वात पेटवली. घड्याळ आधी दोनदा तपासून घेतलं होतं. पुस्तकात फुटाला चाळीस सेकंद दिले होते. ती बाविसात संपली. इतक्या वर्षांत सुकली असेल, वेग वाढला असेल, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. आकडा मात्र शाईनं लिहिला.

वर्षभरानं सर अंथरुणाला खिळल्याचं कळलं, म्हणून केडगावला गेलो. वहिनी उशाशी बसून त्यांना पेज भरवत होती. तिनं मला बसायला सांगितलं आणि भांडं घेऊन आत गेली. ती गेल्यावर सरांनी विचारलं, "मोजलंस?"

"मोजलं, सर. चाळीस सेकंद. पुस्तकातल्याएवढंच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला मी आजही घाबरतो.

"अगदी तेवढंच?"

"हो, सर."

आत वहिनी भांडं घासत होती, तो आवाज येत होता. सरांनी उशाखालचं पेन चाचपून काढलं आणि हात पुढे केला. "कच्ची वही आणलीस?"

वही माझ्या पिशवीतच होती.

"विसरलो, सर," मी म्हणालो.

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि पेनाला टोपण लावलं.