आतोबांचा उपास

अख्ख्या महाड तालुक्याची काळजी एकट्याने अंगावर घेतलेला माणूस म्हणजे आमचे आतोबा, माझ्या आत्याचे यजमान. गॅस बंद केलाय का हे बघायला ते पोलादपूरच्या एसटीतून उतरून परत घरी येतात, आणि घरी आलं की आता एसटी चुकली म्हणून काळजी करतात. आत्या आरोग्यसेविका. ती तळीयेकडच्या डोंगरवाड्यांतून फिरते आणि निवृत्त आतोबा भाजी निवडत तिची वाट बघतात.

त्यांना हसवणारी जगात एकच गोष्ट होती, एक जुनापुराणा फ्रेंच मूकपट. त्यात बायका टोप्या घालून ऐटीत कामाला जातात आणि पुरुष घरी चूल सांभाळतात. पाहुणा आला की चहाच्या आधी हा सिनेमा. "बघ, मिशावाल्याचं दूध गेलं उतू," म्हणत आतोबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचे. आत्या म्हणायची, "यात हसायचं काय? हे आपलंच घर आहे."

मागे एका वटपौर्णिमेला मी त्यांच्याकडे होते. सकाळीच पावसाचा इशारा आला. उपास वगैरे न धरता आत्या वाडीवर गेली. लोकांना खाली शाळेत आणायचं होतं. दुपारी तिचा फोन लागेना. आतोबा सावित्री नदीचं पाणी बघून आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. त्यांचं मन रमावं म्हणून मी तोच सिनेमा लावला. मिशावाला खिडकीशी उभा राहिला, दूध उतू गेलं, पण आतोबा हसले नाहीत. "बंद कर गो," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी याला येडा समजलो. बायको अजून आली नाय, म्हणून त्याचं दुधाकडं लक्ष नाय."

मग त्यांनी आत्याचं पूजेचं ताट उचललं आणि भर पावसात वडाकडे निघाले. मी छत्री घेऊन मागोमाग. वडापाशी जमलेल्या बायकांनी बाजूला सरून वाट दिली. एकीने विचारलं, "काय ओ भाऊजी, तुम्ही इकडं कुठं?"

"ती उपाशी राहिली तर डोंगर कशी उतरणार? आज उपास माझा हाय."

आणि त्यांनी सूत गुंडाळायला घेतलं, ते नेमकं उलट्या बाजूने. बायकांनी सांगेपर्यंत बऱ्याच फेऱ्या झाल्या होत्या. आतोबांचा चेहरा पांढराफटक. सगळं सूत सोडवून त्यांनी पुन्हा सुरुवात केली आणि प्रत्येक फेरीला कुणा ना कुणाला विचारलं, "उलटं झालं त्याचं काय वाईट नाय ना होणार?"

संध्याकाळी आत्या आली. गुडघ्यापर्यंत चिखल, वाडीतली माणसं सुखरूप शाळेत. मी उपासाचं सांगितलं तेव्हा ती ओशाळली.

"अहो, मी तर वाडीवर सुक्या बोंबलाशी भाकरी खाल्ली."

"बरं केलंस," आतोबा म्हणाले. "काटा नाय ना लागला घशात?"

मला हसू आवरेना. पण त्या रात्री मुंबईला नवऱ्याला फोन करून मी एवढ्या पावसात सुखरूप असल्याचं सांगितलं, तेव्हा तिकडून नुसतं "बरं" आलं, आणि मला आत्याचा फार हेवा वाटला.