भिंतीला टेकवून ठेवलेली टाइल

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, खाली लिहिणारा इसम शाळेत विज्ञान शिकवतो आणि भूतबित या प्रकरणावर त्याने जन्मात कधी विश्वास ठेवलेला नाही. आता ऐका...

१९९६ साल, राहुरी. आमच्या बाथरूममधल्या नळाखालच्या तीन टाइल्स तडकल्या. बाथरूमचं मूळ काम आण्णा मिस्त्रींचं. ते वारले होते, म्हणून त्यांचा मुलगा दत्तू आला. गावात सगळे म्हणत, पोराला बापाची सर नाही. दत्तू मला म्हणाला, "सर, हे काम बिघडलं तर थापी ठेवतो अन् शुगर फॅक्टरीत लागतो."

दुपारपर्यंत तिन्ही टाइल्स बसल्या. आतून पोकळ नाहीत हे दाखवायला थापीच्या मुठीनं ठोकून त्यानं आवाज ऐकवला. सिमेंट सुकावं म्हणून मी दाराला बाहेरून कडी घातली.

सकाळी उघडतो तर — मधली टाइल खाली! पण फुटलेली नाही. पाठ खरवडून स्वच्छ केलेली, भिंतीला नीट टेकवून उभी.

"वहिनी, तुमी काढली का?" दत्तूनं आल्या आल्या विचारलं.

"हो तर! मला दुसरे उद्योग नाहीत ना!" आमच्या सौ. कडाडल्या.

दत्तूनं ती पुन्हा बसवली. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. उंदीर, हादरे, ओल... माझं सगळं विज्ञान सांगून संपलं. दत्तू मात्र पांढराफटक.

"सर... आण्णा असंच करायचे. माझं काम पटलं न्हाई की टाइल काढायची, पुसायची, भिंतीला लावून ठेवायची. बोलायचं काईच न्हाई."

"अरे, पण चुकलं काय?"

तो खाली बघत म्हणाला, "दोन्ही टायमाला घाईत ही भिजवलीच न्हाई. कोरडी टाइल सिमेंटचं पानी पिते, मग धरत न्हाई."

त्या दिवशी ती टाइल अख्खी सकाळ बादलीत होती. मगच बसली.

तिसऱ्या सकाळी आम्ही तिघं दारापाशी. मी कडीला हात घातला, तोच आतून — टक... टक... टक... टक. थापीची मूठ टाइलवर, एकेका कोपऱ्यावर. मग शांत. दार ढकललं. आत कुणी नाही. टाइल जागच्या जागी. आणि थापी? दत्तूच्या हातात!

दत्तू आजही गवंडीच आहे. तो आवाज कुणाचा, हे मला आजही सांगता येत नाही. त्या क्षणी सौ. देवाचं नाव घेत होत्या, मी खिडकी तपासत होतो, आणि दत्तू त्या भिंतीसमोर उभा राहून ओरडला,

"आण्णा, येकदा तोंडानं 'बरं हाय' म्हना की!"