आठ दिवसांचं पथ्य

लॅडल दोघांनी धरायची असते. मधे भांडं, दोन्ही बाजूंना लोखंडी दांडे, भांड्यात वितळलेलं लोखंड. आमच्या फाउंड्रीत भट्टीपासून साच्यांपर्यंत तीस पावलं होती. पावलं जुळली पाहिजेत. एक अडखळला तर दुसरा भाजतो. दोघांचे हात दांड्याच्या टोकाला असले की वजन सारखं येतं. एकाने हात वीतभर आत घेतला की वजन त्याच्याकडे जातं, धगही त्याच्याकडे जाते.

माझ्या जोडीदाराने बावीस वर्षं हात वीतभर आत धरला. कशामुळे, ते आजवर घराबाहेर मी फक्त त्याला सांगितलंय. त्यालाही उशिरा.

तो डावखुरा, म्हणून डाव्या. उंचीने माझ्याएवढाच, मनगटं मात्र माझ्या दुप्पट. भट्टीच्या पंख्याच्या आवाजात बाकी सगळे ओरडून बोलायचे. हा जवळ येऊन कानात बोलायचा. साच्यात वाळू ठोकायचा ती घाई न करता, कोपऱ्यापासून. त्याचा साचा कधीच फुटला नाही असं म्हणणार नाही. दोनदा फुटला. दोन्ही वेळा चूक माझी होती, आणि दोन्ही वेळा त्याने मिस्तरींना सांगितलं, "आमची चूक झाली."

आठवड्यातून तीनदा ओतकाम. ते झालं की अंगावरची राख झटकून सगळे फाटकासमोरच्या गुत्त्यात. घशातली वाळू धुवायला, असं म्हणायचे. तिथे एक रीत होती. त्या दिवशी ज्याच्या हाताला लॅडल लागली त्याच्या वाटचा ग्लास भरायचा, तो हजर असो नसो. भरलेला ग्लास तसाच राहिला तर ओतलेल्या मालाला भोकं पडतात म्हणे. भोकं पडतात ती ओल्या वाळूने, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी ग्लास कोणी ठेवत नसे. जो आला नाही त्याचा ग्लास त्याच्या जोडीदाराने संपवायचा.

पहिले आठ महिने मीही बसलो. चव आवडली नाही, पण चवीचं एवढं नाही. कडू औषध पितोच ना माणूस. संध्याकाळ जायची, ते सोसवत नव्हतं.

मी रद्दीवाल्याकडून नकाशांचं एक जाड पुस्तक घेतलं होतं, पुठ्ठा उडालेलं. खिडकीशी बसून त्यातली एक नदी घ्यायची, उगमापासून. पेन्सिलीचं टोक कागदाला न लागता वर धरायचं आणि नदीबरोबर सरकायचं. काठावरच्या प्रत्येक गावाचं नाव वाचायचं. एका संध्याकाळी एक वीत, त्याहून जास्त नाही. नदी समुद्राला मिळाली की दुसरी घ्यायची. मी कधी कुठे गेलो नाही. जायचंही नव्हतं. त्या तासाभरात मला कोणी हाक मारत नसे, एवढंच सुख होतं.

हे गुत्त्यात कसं सांगणार? एकदा धीर करून म्हटलं, "आज मी घरी जातो."

"का रे, पाहुणे आलेत?"

"नाही."

"बायकोने दम दिलाय?"

"नाही. असंच. जरा एकटा बसेन म्हणतो."

"एकटा? आणि काय करणार, अंडी उबवणार?"

टेबल हसलं. मिस्तरी हसले नाहीत. ते म्हणाले, "जो आपल्यात बसत नाही त्याच्याबरोबर लॅडल कोण धरणार? बोला की."

सगळ्यांनी आपापले ग्लास उचलले. शेवटी डाव्या म्हणाला, "मी धरतो. पण आजच्या दिवस बस लेका."

मी बसलो.

पुढच्या महिन्यात मला दोन दिवस उलट्या झाल्या. बाहेरचं काहीतरी खाल्लं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, आठ दिवस तिखट नको, तेलकट नको, दारू नको, जड उचलू नका. तिसऱ्या दिवशी कामावर गेलो. मिस्तरींनी विचारलं, "काय म्हणाले डॉक्टर?"

"आतड्याला जखम आहे," मी म्हटलं. "दारूचा थेंब चालणार नाही. कायमचा."

घरून ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून निघालं आणि लगेच खरं वाटलं. मिस्तरींनी खांद्यावर हात ठेवला. सगळे हळू आवाजात बोलायला लागले. एकटं बसायचंय म्हटलं तेव्हा ज्यांनी सोडलं नाही, त्यांनी आजारी आहे म्हटल्यावर फाटकापर्यंत पोचवलं. त्या दिवसापासून माझं नाव पथ्या पडलं.

डाव्या कानाशी येऊन म्हणाला, "जड उचलायचं नाही म्हणालेत ना?"

"ते आठ..." मी सुरुवात केली. पुढे म्हटलं, "हो."

"मग टोकाला धर. तुझ्या ग्लासाचं मी बघतो. तू सरळ घरी जात जा."

त्या दिवशी दांडा उचलला तेव्हा वजन कमी होतं. डोक्याला फसवता येतं, हाताला येत नाही. पहिल्या पावलालाच मला कळलं. भट्टीपासून साच्यापर्यंत तीस पावलं मी म्हणत गेलो, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशीही दांडा हलकाच होता, आणि हलकं वजन चांगलं वाटलं. हे लिहायला मला चार दिवस लागलेत.

आठ दिवसांचं पथ्य मी बावीस वर्षं चालवलं. कामावर डब्यात मऊ भात आणि उकडलेली भाजी. घरी आल्यावर तळलेले मासे, वर हिरवी मिरची. बायकोला सगळं माहीत होतं. पहिलं वर्ष तिने हसण्यावारी नेलं. "अहो, आतड्याला जखम ना तुमच्या? मग हा तिसरा मासा काय मांजराने खाल्ला?" पुढे एकदा डाव्याची बायको झाकलेल्या भांड्यातून बिनतिखटाची भाजी घेऊन आली, खास माझ्यासाठी केलेली. तेव्हापासून बायकोचं हसणं थांबलं. ती म्हणाली, "भांडं घासून तुम्ही नेऊन द्या. मला त्या बाईच्या डोळ्याला डोळा भिडवता येत नाही."

मी नेऊन दिलं. आणि म्हटलं, "फार बरं वाटलं वहिनी."

डाव्या आणि मी एकाच वर्षी कामावरून सुटलो. दोन वर्षांनी वहिनी दारात आल्या. आत यायलाही तयार नव्हत्या.

"भाऊजी, यांचं यकृत सुजलंय. डॉक्टरांनी सगळं बंद केलंय. मीठसुद्धा. ह्यांना काही ते जमत नाही. माझं ऐकत नाहीत. तुम्ही बावीस वर्षं काढलीत, तुम्हीच समजवा."

त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. खिडकीतून समोरची भिंत दिसायची. डाव्या खाटेवर उशीला टेकून बसला होता. मनगटं बारीक झालेली, पाय सुजलेले, डोळे पिवळे. मांडीवर वही आणि डाव्या हातात पेन.

"ये रे पथ्या. बस. सांग आता. मी लिहून घेतो, नाहीतर विसरतो."

"काय सांगू?"

"पहिलं वर्ष कसं काढलंस? तल्लफ आली की काय करायचास?"

मी त्याची उशी सारखी केली. तो म्हणाला, "खरं सांगू? तू फाटकातून सरळ घराकडे वळायचास ना, तेव्हा मला वाटायचं, काय मन आहे या माणसाचं. माझ्याच्याने झालं नसतं. आता तुझ्याकडे बघून वाटतं, जमेल."

त्याच वेळी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "पहिले दोन महिने जड जातात. मग सवय होते."

त्याने लिहिलं.

"आणि पोटात दुखायला लागलं की? ही म्हणते लगेच दवाखान्यात चला. तू काय करायचास? थांबायचास ना थोडं?"

"थांबायचो," मी म्हटलं. "पाणी पिऊन पडून राहायचो. दुसऱ्या दिवशी बघायचं."

तेही त्याने लिहिलं. त्याखाली रेघ मारली. वहिनी म्हणाल्या, "बरं झालं भाऊजी, तुम्ही आलात."

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय सांगितलंत?" मी सगळं सांगितलं. तिने हातातली ताटली खाली ठेवली.

"त्याचा जीव आहे तो," ती म्हणाली. "तुमचं पोट नव्हे."

सकाळी सातला मी पुन्हा त्याच्या दारात होतो. वहिनी दाराजवळ भाजी चिरत होत्या. मी बसलो नाही.

"डाव्या, काल लिहिलंस ते खोड."

"कुठलं?"

"सगळंच. दुखलं की त्याच क्षणी दवाखान्यात जायचं. थांबायचं नाही. डॉक्टर सांगतील तेवढंच करायचं."

"तू तर थांबायचास."

"मला कधी दुखलंच नाही."

मी पुढे बोललो. उलट्या, आठ दिवस, मिस्तरींना मारलेली थाप. फार वेळ लागला नाही. बावीस वर्षांचं खोटं सांगून संपायला वहिनींची अर्धी भाजीही चिरून झाली नव्हती. सुरी थांबली होती.

"आठ दिवस?" डाव्याने विचारलं.

"आठ."

"मग संध्याकाळी घरी जाऊन करायचास काय?"

"नकाशे बघायचो."

"कसले?"

"नद्यांचे."

मला वाटलं तो हसेल. अंडी उबवण्यावर सगळे हसले तेव्हा तो हसला नव्हता. आताही हसला नाही.

"पहिला ग्लास मला आवडायचा," तो म्हणाला. "तो माझा. दुसरा तुझा असायचा. तो संपवून घरी पोचेपर्यंत पोरगी झोपलेली असायची." मग म्हणाला, "मिस्तरींना सांगता आलं नाही, समजू शकतो. त्या टेबलावर कोणालाच सांगता आलं नसतं. मला का नाही सांगितलंस? कानात सांगायचंस."

भीती वाटली, लाज वाटली, असं काहीतरी सांगायचं माझ्या मनात होतं. तोंडातून वेगळंच निघालं.

"सांगितलं असतं तर तू हात बाहेर घेतला असतास."

ते खरं होतं. ते मला त्याच्याबरोबरच कळलं. पहिल्या दिवशी मी एकांतासाठी खोटं बोललो. तो एकांत मागण्यात काही वाईट नव्हतं. नंतरची वर्षं मी हलक्या दांड्यासाठी गप्प राहिलो.

डाव्याने वही उघडली आणि एकेक ओळ खोडली. साचा ठोकायचा तसाच, घाई न करता, कोपऱ्यापासून. मग म्हणाला, "जा आता."

वहिनी उठल्या नाहीत. पुन्हा या, म्हणाल्या नाहीत. मी जिना उतरलो. घरी खिडकीशी बसून पुस्तक उघडलं, पेन्सिल धरली. गावांची नावं वाचता येत होती, पण सरकता येईना. पुस्तक मिटलं.

तीन आठवड्यांनी भर दुपारी त्यांचा जावई आला. डाव्याच्या पोटात दुखायला लागलं होतं. त्याने थांबायचं नाही असं सांगितलं होतं. खाली गाडी उभी होती, पण त्याला उभं राहवत नव्हतं.

"शेजारी कामावर गेलेत," जावई म्हणाला. "दुसरा माणूस हवाय. सासूबाई म्हणाल्या, तुम्हाला बोलवू."

मी विचारलं, "ते काय म्हणाले?"

"काही म्हणाले नाहीत."

मी दोन पाइप आणि दोरी घेऊन गेलो. लाकडी खुर्चीच्या दोन्ही बाजूंना पाइप बांधले, गाठी दोनदा तपासल्या. त्याला उचलून खुर्चीत बसवलं, छातीवरून चादर बांधली. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. जावई मागे वरच्या बाजूला राहिला. मी पुढे, खालच्या बाजूला, खुर्चीकडे पाठ करून. उतरताना वजन खाली येतं. तेवढ्यानेही माझं भागेना. मी दोन्ही हात वीतभर आत घेतले, खुर्चीच्या पायांना लागतील इतके. पाइप उचलले. वजन आलं. बरं वाटलं.

त्याचं तोंड माझ्या कानाशी होतं.

"हात बाहेर घे," डाव्या म्हणाला.

"असू दे."

"टोकाला धर. तुझ्या वाटचं असेल तेवढंच उचल."

मी खुर्ची पुन्हा टेकवली. हात टोकाला नेले. जावई म्हणाला, "काय झालं?"

"काही नाही," डाव्या त्याला म्हणाला. मग पुन्हा माझ्या कानात, पूर्वी भट्टीसमोर बोलायचा त्याच आवाजात, "डावा पाय आधी. एक."

पायऱ्या चौतीस होत्या. तो शेवटपर्यंत मोजत होता. मी पावलं चुकू दिली नाहीत.