भोकाची पावली

अर्लीन स्ट्रेअरला राग यायला कारण लागत नाही, असं अमेरिकेतल्या यॉर्क गावात सगळेच म्हणत. म्हणणारे बहुतेक पुरुष, आणि त्यांतले बरेचसे नाण्यांच्या क्लबातले. कारण काय आहे, हे मात्र त्यांतल्या एकानेही कधी विचारलं नाही.

नवरा गेल्यावर हार्डवेअरचं दुकान तिने एकटीने चालवलं. संध्याकाळी शटर ओढलं की सॉवरक्राउटचा, म्हणजे आंबवलेल्या कोबीचा, टोप मंद आचेवर ठेवून ती नाणी काढून बसे. देश नवा होता त्या काळातली चांदीची नाणी, एका बाजूला मोकळ्या केसांची स्वातंत्र्यदेवी आणि दुसऱ्या बाजूला गरुड. अशी नाणी क्लबात पुष्कळांकडे होती. अर्लीनकडच्या प्रत्येक नाण्याला मात्र भोक होतं, कारण तिला भोकाचीच हवी असत.

नाण्यांच्या बाजारात भोकाच्या नाण्याला कुत्रं विचारत नाही. विक्रेते ती टेबलाखाली बिस्किटांच्या डब्यात टाकून ठेवतात. अर्लीन गुडघे टेकून तो डबा उपसायची आणि वरून आवाज यायचा, "छान आहे हो ते, भोक नसतं तर..." हे अर्धं वाक्य ऐकून ऐकून तिचे कान किटले होते. नसतं तर काय? भोक आपोआप पडत नाही. कुणीतरी चांगली चालणारी चांदी घेऊन तिच्यात खिळा ठोकलेला असतो, कुणाच्या तरी गळ्यात बांधायला. दात येणाऱ्या बाळाला चावायला म्हणून तर त्या काळी घरोघर असं नाणं असे.

"तुमची नाणी कपाटात जन्मली आणि कपाटातच म्हातारी झाली," ती क्लबातल्यांना सुनावत असे. "माझ्या नाण्यांनी संसार केलेत."

हातात नवं नाणं आलं की ती आधी बघायची, भोक कुठल्या बाजूला आहे. या नाण्यांच्या दोन बाजू एकमेकींना उलट्या असतात. देवी सरळ लटकवली की मागचा गरुड खाली डोकं वर पाय, आणि गरुड सरळ हवा तर देवीला उलटं टांगायचं. भोक पाडणाऱ्याला दोघांतलं एक निवडावंच लागे.

तिच्या संग्रहातलं पहिलं नाणं विकत घेतलेलं नव्हतं, आईकडून आलेलं होतं. १८०६ सालचा पाव डॉलर, आपल्याकडच्या पावलीसारखा. तिच्या कुणा खापरपणजोबाने खिळा ठोकून त्यात गरुड सरळ ठेवला होता. "बाईला उलटं टांगायची हौस आमच्या घरात जुनी आहे," अर्लीन म्हणायची. भोक दोरीने घासून घासून लांबट झालं होतं, आणि झिजून पातळ झालेल्या कडेवर बारीक खड्डे होते. ते दातांचे होते. तिच्या आजीचे, आईचे, तिचे स्वतःचे आणि तिची मुलगी कोरीन हिचे. कोणता खड्डा कुणाचा हे सांगता येत नसे, पण तिचा अंगठा त्यांवरून फिरला की तिला बरं वाटे.

कोरीनची मुलगी अडेला आता हिरड्या शिवशिवून हाताला येईल ते तोंडात घालत होती. रविवारी चर्चमध्ये तिचा बाप्तिस्मा होता आणि त्यानंतर ती पावली तिच्या गळ्यात घालायची होती. "आजकाल बाळाच्या गळ्यात दोरी बांधत नाहीत, आई," कोरीन म्हणाली होती. "माझ्या मांडीवर असेल तेवढा वेळच. लगेच काढायची." अर्लीनने तेवढ्यावर मान डोलावली होती, आणि तिच्या बाबतीत हे फार झालं.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, क्लबाचं वार्षिक प्रदर्शन होतं. क्लबाचा अध्यक्ष मर्ल आयझनहार्ट महिनाभर आधीच दुकानात आला. मर्ल निवृत्त दंतवैद्य. स्ट्रेअरांच्या घरातले सगळे दात त्याच्याच हाताखालून गेलेले, आणि आता दवाखाना त्याचा मुलगा चालवत होता.

"या वर्षी तुझी पावली मधल्या पेटीत ठेवतो, अर्लीन," तो म्हणाला. "मान तुझा."

इतक्या वर्षांत कुणी पहिल्यांदाच मागितली होती. ती हरखली आणि तिने देऊन टाकली.

शनिवारी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये ती शिरली, तर मधल्या पेटीभोवती गर्दी होती. मर्लने तिला हाताला धरून पुढे नेलं. पेटीत एक गुळगुळीत, अख्खा पाव डॉलर चकाकत होता. शेजारी पहिल्या बक्षिसाची निळी फीत आणि तिचं नाव.

"माझी कुठाय?" ती म्हणाली.

"हीच की. ओळखली नाहीस ना?" मर्लच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "तळघरात बसून केलं मी. चांदी भरली, घासली, गरुडावरची पिसं कोरली. कडासुद्धा नीट करून टाकल्या, फार खराब झाल्या होत्या. तुला चकित करायचं होतं."

"कडा," अर्लीन म्हणाली.

"भिंगातून बघ. भोक होतं असं कुणी म्हणणार नाही."

तिने पेटी उघडली, पावली उचलली आणि कडेवरून अंगठा फिरवला. काहीच लागलं नाही. आजी नाही, आई नाही, कोरीन नाही. राग तिला नेहमी चटकन यायचा आणि चटकन जायचा. हा तसा नव्हता. हा पायांतून वर चढत आला, आणि आला तो जायला तयार नव्हता. त्या माणसाच्या मनात वाईट असतं तर दोन शिव्या घालून ती मोकळी झाली असती. पण त्याने हे प्रेमाने केलं होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप येत होता.

"तुला मी सांगितलं होतं, मर्ल?"

"अगं, आता हे नाणं कुठेही दाखवता येईल."

"कुणाला दाखवायचंय?"

ती तडक बाहेर गेली. क्लबातल्यांना वाटलं, गेली घरी. ती गाडीतून हातोडा, लाकडाचा ठोकळा आणि काँक्रीटमध्ये ठोकतात तसला पोलादी खिळा घेऊन परत आली. कॉफीच्या टेबलावरची केकची ताटली तिने बाजूला सारली आणि ठोकळ्यावर पावली ठेवली. मर्लला आता कळलं.

"थांब, अर्लीन. पाहिजे तर मी जुनं भोक होतं तसं पाडून देतो. तंतोतंत."

"जुनं गेलं. खोटं जुनं मला नको."

तिने पावली फिरवली. खिळा टेकवला तो देवीच्या डोक्याच्या वर, खापरपणजोबाच्या बरोबर विरुद्ध बाजूला. इतकी वर्षं दुसऱ्यांनी पाडलेली भोकं तिने जमवली होती, स्वतः एकही पाडलं नव्हतं. पहिल्या घावाला कप हलले. चौथ्याला खिळा आरपार गेला.

"चांगलं नाणं खराब केलंस," मर्ल हलकेच म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते बघूनही तिचा राग उतरला नाही.

"खराब तू केलं होतंस," ती म्हणाली. "मी वापरायला काढलंय."

कानशीने भोकाची धार मोडून, पावली उकळून, तिने ती रविवारी नव्या दोरीत ओवली. चर्चच्या जेवणघरात कोरीनच्या मांडीवर अडेलाच्या छातीवर देवी सरळ उभी होती आणि मागे गरुड उलटा लटकत होता. मर्ल वाडग्यात चिकन-मक्याचं सूप घेऊन दूर उभा होता. शेवटी त्याला राहवलं नाही. तो जवळ आला. बाळाने पावली तोंडात कोंबली होती आणि लाळ गळत होती.

"येतोय वाटतं दात," तो म्हणाला.

"येतोय," अर्लीन म्हणाली. "आणि किडला ना, तरी तुमच्या दवाखान्यात आणणार नाही."